‘तुमच्यात गळा उपजतच असतो’ हे कौतुक आपण का नाकारलं पाहिजे



जयंतीच्या स्टेजवर आपल्या वस्तीतला एखादा पोरगा जरा बरा गायला की गावातले सवर्ण मित्र पाठीवर थाप मारून म्हणतात, “तुमच्यात गळा उपजतच असतो राव. रक्तातच आहे तुमच्या.” पोरगा खूश होतो, त्याची आई खूश होते, मंडळाचे अध्यक्षही खूश होतात. कौतुकच आहे ना, मग वाईट कशाला वाटून घ्यायचं?

जरा थांबून बघा. पेठेतल्या एखाद्या घरातली मुलगी गायली की तेच लोक काय म्हणतात? “दहा वर्षं शिकतेय. पहाटे उठून रियाज करते.” म्हणजे तिच्या गाण्यामागे मेहनत आहे, गुरू आहे, शिक्षण आहे. आपल्या पोराच्या गाण्यामागे फक्त जन्म आहे. आता हेच वाक्य परीक्षेच्या बाबतीत कसं उलटतं पाहा. तिथे त्यांची हुशारी उपजत असते आणि आपलं यश सवलतीचं असतं. गाण्यात गुण रक्ताचा म्हणून आपली मेहनत दिसत नाही, अभ्यासात गुण आरक्षणाचा म्हणून आपली मेहनत दिसत नाही. वाक्यं दोन आहेत, पण दोन्हींत कष्टाचं श्रेय आपल्यापर्यंत पोचत नाही. समाजशास्त्राच्या वर्गात जातीच्या व्याख्या पाठ करून घेतात. मला विचाराल तर या दोन वाक्यांत त्या सगळ्या व्याख्या येतात. कोणी काय करायचं हे जन्मावरून ठरवायचं, आणि केलं की त्याचं श्रेयही जन्मालाच द्यायचं.

या कौतुकाचा तोटा नुसता मानापमानाचा नाही. त्यामुळे आपल्यात कोणी गाणं *शिकत* नाही. ज्याला येतं त्याला येतं, त्याने गावं. ज्याला येत नाही त्याने टाळ्या वाजवाव्यात. निरवांगी, निमसाखर, कळंब, वालचंदनगर या पट्ट्यात माझं काम चालतं. महिलांचे बचत गट, शिष्यवृत्तीचे अर्ज, विहारातले कार्यक्रम. या गावांत गायन पार्ट्या आहेत, बँड आहेत, ऑर्केस्ट्रात गाणारी मुलं आहेत. पण पस्तिशी-चाळिशी उलटलेली, नोकरी करणारी किंवा ऊसतोडीवरून आलेली एखादी व्यक्ती केवळ आवड म्हणून, पैसे मिळवायचे नाहीत, स्टेजवर जायचं नाही, तरी आठवड्यातून दोनदा ‘सा’ लावायला जाते, असं चित्र आपल्या वस्तीत जवळपास दिसत नाही. बारामतीतल्या क्लासमध्ये ते दिसतं. तिथे बँकेतून निवृत्त झालेले काका, डॉक्टर बाई, प्राध्यापक अशी मोठी माणसं हौसेने शिकतात. आडनावं वाचली की कळतं, हौस करायची मुभासुद्धा समाजात सारखी वाटलेली नाही.

मी गेली दोन वर्षं शिकतेय, म्हणून हे लिहिते आहे. गाण्यातली तज्ज्ञ म्हणून नाही. भूप आणि यमन यांच्यापलीकडे माझी फारशी मजल गेलेली नाही. पण चळवळीतल्या मित्रमैत्रिणींना हे सांगितलं की जे आक्षेप ऐकायला मिळतात, त्यांना एकदा नीट उत्तर द्यावं असं वाटलं.

पहिला आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो. “समाज कुठे चाललाय, आणि तुला गाण्याचा क्लास सुचतोय? बाबासाहेबांनी पुस्तक हातात घ्या म्हणून सांगितलं, पेटी नाही.” हा आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा पुण्याला जावं. सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय आहे. तिथे बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तूंमध्ये त्यांचं व्हायोलिन ठेवलेलं आहे. बाबासाहेब व्हायोलिन शिकले ते लहानपणी नव्हे. लहानपणी सातारच्या शाळेत त्यांना बसायला गोणपाट घरून न्यावं लागत होतं, व्हायोलिन कुठून येणार? ते शिकले आयुष्याच्या उत्तरार्धात, रीतसर शिक्षक ठेवून. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला हा माणूस. मधुमेहाने शरीर पोखरलेलं, डोक्यावर साऱ्या समाजाचा भार. तो संध्याकाळी एका शिक्षकासमोर नवशिक्या विद्यार्थ्यासारखा बसतो आणि तारेवर बोट कुठे ठेवायचं ते विचारतो. ज्याने वाजवून बघितलंय त्याला माहीत आहे, व्हायोलिनवर पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर गेला. आणि सुरुवातीची कित्येक महिने त्यातून जे निघतं त्याला संगीत म्हणायचं धाडस शेजारी करत नाहीत.

त्यांना कुठे मैफल करायची नव्हती. मतं मिळवायची नव्हती. ते शिकत होते, कारण त्यांना शिकायचं होतं. आपण बाबासाहेबांच्या हातात पुस्तक असलेले पुतळे उभे केले आणि ते बरोबरच केलं. पण व्हायोलिन शिकणारे बाबासाहेब आपल्या भाषणांत फारसे येत नाहीत. आले तरी ‘साहेबांना सगळंच येत होतं’ अशा चमत्काराच्या सुरात येतात. मला ‘सगळं येत होतं’ यापेक्षा ‘येत नव्हतं, म्हणून शिकायला बसले’ हे जास्त मोलाचं वाटतं.

आणि हा नुसता त्यांचा खासगी छंद होता असं समजू नका. याच्यामागे त्यांचा विचार आहे. १९४५ साली आलेल्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात गांधीवादावर एक प्रकरण आहे. यंत्राला विरोध करणाऱ्या गांधीवादाला बाबासाहेब तिथे जे उत्तर देतात ते फुरसतीबद्दल आहे. त्यांचा मुद्दा असा की माणूस आणि जनावर यांच्यातला फरक संस्कृतीचा आहे, आणि ज्याचा सगळा दिवस पोट भरण्याच्या कष्टात जातो त्याला संस्कृती जोपासायला वेळच उरत नाही. यंत्रामुळे कष्ट कमी होतील, फुरसत मिळेल, आणि लोकशाही समाजात ही फुरसत मूठभरांची न राहता सगळ्यांची झाली पाहिजे. हे वाचल्यावर ‘गाण्याचा क्लास म्हणजे चैन’ हे वाक्य कोणाच्या तोंडी शोभतं ते ठरवा. ज्यांनी आपल्या आजोबांना फुरसत मिळू दिली नाही त्यांच्या तोंडी ते शोभलं असतं.

याला एक जोड आक्षेप आहे. “आता या वयात?” वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. १९२२ चा जन्म. मुंबईत कष्टाची कामं करताना कोणीतरी त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितलं. वाचता आलं नाही, म्हणून त्यांना रडू आलं, आणि मग तरुण वयात त्यांनी चाळीतल्या एका मास्तरांकडून अक्षरं गिरवली. १९४३ मध्ये त्यांचं पहिलं गीत आलं, आणि पुढे आयुष्यभर त्यांची हजारो गीतं महाराष्ट्राच्या गावागावांत गायली गेली. ज्यांचं गाणं आपण डोक्यावर घेतो त्यांनी बाराखडीसुद्धा मोठेपणी शिकली. मग आपल्याला सरगम शिकायला कसली लाज? शास्त्रीय संगीतातलंही उदाहरण घ्या. केसरबाई केरकर उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या गंडाबंध शिष्या झाल्या तेव्हा १९२१ साल होतं आणि केसरबाई तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. आधी गाणं येत असूनही त्यांनी नव्याने, पायापासून तालीम घेतली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मला पटण्यासारखाही वाटतो, निदान अर्धा. “शास्त्रीय संगीत हा ब्राह्मणी मामला आहे. बंदिशीत कृष्ण, राधा, शंकर. क्लासच्या भिंतीवर सरस्वती. सुरुवातीला वंदना, गुरुपौर्णिमेला पाद्यपूजा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तिथे काय करायचं?”

वातावरणाबद्दल ही तक्रार खरी आहे. मी पहिल्यांदा ज्या क्लासला चौकशीला गेले तिथे फी सांगण्याआधी मला आडनाव विचारलं गेलं, आणि आडनाव सांगितल्यावर “तुम्हाला भीमगीतं शिकायची असतील ना?” असा पुढचा प्रश्न आला. भीमगीतं मला शिकायचीच आहेत. पण माझ्यासाठी कप्पा आधीच ठरलेला होता. मी दुसरा क्लास शोधला. तिथल्या बाई वेगळ्या निघाल्या. “वंदनेच्या वेळी मी शांत बसेन” म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. दोन्ही प्रकारची माणसं असतात. मुद्दा माणसांचा नाही.

मुद्दा असा आहे, की हे संगीत ‘ब्राह्मणी’ कधीपासून झालं? सूर आणि राग शेकडो वर्षं सांभाळले ते मुख्यतः मुसलमान उस्तादांनी आणि ज्यांना ‘नायकिणी’, ‘कलावंतिणी’ म्हणून हिणवलं गेलं त्या स्त्रियांनी. ख्यालाची परंपरा सदारंग, म्हणजे नियामत खान, यांचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही. केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या देवळांशी बांधल्या गेलेल्या कलावंत समाजातल्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला हे चित्र बदललं. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. भातखंड्यांनी राग दहा थाटांत मांडले, स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली. जानकी बखले यांनी ‘टू मेन अँड म्युझिक’ या २००५ च्या पुस्तकात हा इतिहास सविस्तर मांडला आहे. गाणं कोठीतून आणि दरबारातून काढून मध्यमवर्गीय घरात आणलं गेलं, आणि आणताना ते ‘सोवळं’ करून, हिंदू भक्तीचं करून आणलं गेलं. उस्ताद मागे पडले, बाईजी मागे पडल्या, आणि वर्गाच्या भिंतीवर सरस्वती आली.

आता यातून निष्कर्ष काय काढायचा? काही मित्र म्हणतात, म्हणूनच त्याच्या वाट्याला जाऊ नका. मला हे उलटं वाटतं. दुसऱ्याच्या कष्टाची वस्तू कोणी कुलपात घातली, तर कुलूप लावणाऱ्याला मालक मानायचं का? भूप राग म्हणजे पाच स्वर, त्यात मध्यम आणि निषाद नाहीत. या पाच स्वरांना गोत्र नाही. आणि पलुस्करांचं एक काम मला आपल्या उपयोगाचं वाटतं, त्यांच्या हेतूशी माझं भांडण असलं तरी. उस्तादाच्या घरी पाणी भरून, वर्षानुवर्षं मर्जी सांभाळून जे मिळायचं, ते त्यांनी शाळेत फी भरून, अभ्यासक्रमाने, परीक्षेने मिळेल असं केलं. गांधर्वच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांना आज कोणीही बसू शकतं. ज्याची परीक्षा असते त्याचं दार निदान कायद्याने तरी उघडं असतं. आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्याच जलसेकऱ्यांनी हे करून दाखवलेलं आहे. भीमराव कर्डक आणि त्यांच्या काळातल्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा सांगाडा घेतला. ढोलकी घेतली, सवाल-जवाब घेतले, फार्स घेतला. पण गणपतीचं नमन आणि कृष्णाची गवळण बाजूला सारली, नाच्या काढला, आणि त्या जागी शिक्षण, पाणी, मेलेलं ढोर न ओढणं हे विषय आणले. आपल्या दहा सभांचं काम कर्डकांचा एक जलसा करतो, असं बाबासाहेब म्हणाल्याचं चळवळीत पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. त्या माणसांनी साचा पारखून घेतला, त्यातलं नको ते टाकलं, हवं ते ठेवलं. बंदिशीचंही तेच. शब्द आवडत नसतील तर सरगम गा, तराणा गा. तराण्यात देवही नसतो आणि दानवही नसतो. आणि यमनमध्ये आपली स्वतःची बंदिश बांधायला कोणाची परवानगी लागते? शिकलेलं मात्र असावं लागतं.

दक्षिणेतलं एक उदाहरण इथे सांगितलं पाहिजे. टी. एम. कृष्णा यांनी ‘सेबास्टियन अँड सन्स’ हे पुस्तक २०२० मध्ये लिहिलं. कर्नाटक संगीतातला मृदंग ब्राह्मण वादकांच्या मांडीवर असतो, पण त्यासाठी गाय, म्हैस, बकऱ्याचं कातडं निवडून, ताणून त्याला सूर देणारे हात दलित ख्रिश्चन कारागिरांचे आहेत, त्यांच्या पिढ्यांची ती गोष्ट आहे. कातडं सुरात लावणाऱ्याचा कान किती तयार असेल याचा विचार करा. त्याला मात्र ‘कलाकार’ कोणी म्हटलं नाही. आपल्याकडे हलगी आणि सनईचं तेच. मातंग आणि होलार समाजातल्या वादकांशिवाय इंदापूर-माळशिरसच्या गावात लग्न लागत नव्हतं, जत्रा होत नव्हती. त्यांना वाजवायचा मान होता, मांडवात बसायचा नव्हता.

इथे आपल्या आतल्या एका गोष्टीबद्दल बोलायला हवं. धर्मांतरानंतर आपण गावकीची कामं सोडली, त्यात वाजवणंही सोडलं. ते सोडणं गरजेचं होतं. कारण ते वाजवणं हुकमाचं होतं. पण हुकमाचं वाजवणं सोडताना ‘गाणं-वाजवणं म्हणजे हलकं’ हा विचारही आपल्या घरात शिरला, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका बायकांना बसला. तमाशात आपल्याच समाजातल्या बायकांना नाचवलं गेलं. पठ्ठे बापूराव आणि पवळा ही जोडी सगळ्यांना माहीत आहे. शाहीर म्हणून नाव बापूरावांचं, पवळाचा उल्लेख अजून चवीने होतो. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या त्यांच्या पुस्तकात तमाशातल्या दलित स्त्रियांवर जात आणि ‘अश्लीलता’ कशी लादली गेली ते दाखवलं आहे. त्या अपमानाची आठवण इतकी खोल आहे की आजही बचत गटात एखादी बाई छान गाते आणि लगेच पदर तोंडाला लावून म्हणते, “घरी सांगू नका ताई.” चाळीस वर्षांची बाई, सून आलेली, आणि घाबरते कशाला, तर गाण्याला!

म्हणून बाईने मोठेपणी गाणं शिकायला जाणं ही माझ्या दृष्टीने चैन तर नाहीच, उलट त्या लादलेल्या लाजेवरचं उत्तर आहे. औरंगाबादच्या कडुबाई खरात एकतारी घेऊन गातात तेव्हा आपण मोबाईलवर ते पुढे पाठवतो. पण आपल्या घरातल्या बाईने आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंपाक नवऱ्यावर सोपवून क्लासला जायचं म्हटलं तर किती घरांत ‘जा’ म्हणतात? हा प्रश्न मी पुरुष कार्यकर्त्यांच्या बैठकीत विचारला होता. चहा आला म्हणून विषय बदलला.

तिसरा आक्षेप धम्माच्या बाजूने येतो. “नृत्य, गीत, वाद्य यांपासून दूर राहावं असं शीलातच आहे.” हे शील पंचशीलात नाही. ते अष्टशीलात आहे, उपोसथाच्या दिवशी पाळायचं, आणि श्रामणेरांच्या दहा शीलांत आहे. भिक्खूंनी लांब ताना घेऊन धम्म गाऊ नये, कारण मग गाणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं लक्ष अर्थावरून आवाजावर जातं, असं विनयात सांगितलेलं आहे, आणि त्यात शहाणपण आहे. गृहस्थाला मात्र गाण्याची बंदी नाही. दीघनिकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख वीणा वाजवत गातो. गाणं चक्क प्रेमगीत आहे, त्यात बुद्ध, धम्म, अर्हंत सगळे गुंफलेले आहेत. ऐकून भगवान रागावत नाहीत. तारेचा सूर गळ्याशी आणि गळ्याचा सूर तारेशी जुळलाय अशी ते दाद देतात. म्हणजे कान तयार होता. आणि सोण कोळिविसाची गोष्ट तर धम्मवर्गात आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. तो अति कष्टाने तप करून पायातून रक्त काढतो, तेव्हा बुद्ध त्याला वीणेवरून समजावतात, तार फार ताणली तरी वाजत नाही आणि सैल सोडली तरी वाजत नाही. सोण आधी वीणा वाजवत होता, म्हणून त्याला ते कळलं. मध्यम मार्ग कळायला त्याला वाजवण्याचा अनुभव उपयोगी पडला.

परिनिर्वाणाच्या आदल्या रात्री, ५ डिसेंबर १९५६ ला, बाबासाहेबांनी त्रिशरणाची रेकॉर्ड लावायला सांगितली आणि तिच्याबरोबर ते स्वतः गुणगुणत होते. कबीराचं पदही त्यांच्या ओठांवर होतं. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी, घरात पहाटे भजनं व्हायची. गाणं या माणसाबरोबर लहानपणापासून शेवटच्या रात्रीपर्यंत होतं.

आता थोडं व्यवहाराचं. कारण नुसतं ‘गा’ म्हणून उपयोग नाही.

शिकल्याने नेमकं काय मिळतं? पहिल्यांदा आपली पट्टी कळते. आपल्या गायन पार्ट्यांत सर्रास वरच्या पट्टीत, गळा ताणून गायलं जातं. माईक नव्हता तेव्हा दूरवर ऐकू जायला ते लागायचं. माईक आला तरी सवय राहिली, आणि पंचेचाळिशीत गळे बसलेले गायक मी पाहिले आहेत. पेटीवर कोणत्या काळी-पांढरीला आपला ‘सा’ आहे, खालचा खर्ज रोज पंधरा मिनिटं कसा लावायचा, श्वास कुठे घ्यायचा, ही माहिती कुठल्याही प्रारंभिकच्या वर्गात पहिल्या महिन्यात मिळते. आपल्या गायकांपर्यंत ती पोचत नाही. विहारातल्या वंदनेचंच बघा. पुरुष एका पट्टीत, बायका दुसऱ्या, मुलं तिसऱ्या, आणि भन्तेजी बिचारे मधल्या मध्ये. एकाने पेटीवर सूर धरला तर तीच वंदना ऐकताना मन स्थिर होतं, हे करून पाहिलेलं आहे.

दुसरी गोष्ट स्वरलिपी, आणि माझ्या मते चळवळीसाठी ही सगळ्यात महत्त्वाची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो संग्रह आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर येतो आहे. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. शब्द लिहून ठेवले गेले, काही आवाज ध्वनिमुद्रित झाले. पण आपल्या पट्ट्यातल्या ज्या आजी अजून दळणाच्या चालीवर भीमाच्या ओव्या म्हणतात, त्यांच्या चाली कोण लिहून ठेवणार? शब्द आपण वहीत उतरवतो, चाल आजीबरोबर जाते. भातखंड्यांची स्वरलिपी काही अवघड नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकाचा बिंदू खाली, वरच्याचा वर. महिन्याभरात साधी चाल लिहिता येते. ज्याला अक्षर येतं त्याला हे येतंच. आपली चळवळ लेखणीची आहे म्हणतो, तर आपली गाणी अजून फक्त तोंडी का राहिली आहेत? आणि दर जयंतीला नवं गाणं हिंदी सिनेमाच्या चालीवरच का बसवावं लागतं? चाल बांधणारे लोक आपल्यात तयार झाले तर हे बदलेल.

तिसरं, आणि हे मला कुठल्याही बैठकीत मांडायला जरा संकोच वाटतो, म्हणून इथे लिहिते. आपण कार्यकर्ते सतत दुसऱ्यांना शिकवत असतो. अॅट्रॉसिटीचा कायदा, योजना, इतिहास. लोक आपल्याला ताई-दादा म्हणतात, आपलं ऐकतात. वर्षानुवर्षं कोणी आपल्याला ‘चुकलं, परत म्हण’ म्हणत नाही. गाण्याच्या वर्गात दुसरीतली पोरगी शेजारी बसून बिनचूक पलटे म्हणते आणि बाई आपल्याला चौथ्यांदा थांबवतात. कार्यकर्त्याच्या तब्येतीला हे चांगलं असतं.

पैशाचा प्रश्न आहेच, नाही असं नाही. बारामतीला एसटीने जाऊन येऊन अर्धा दिवस जातो, फी वेगळी, मजुरीवर जाणाऱ्याला ते परवडत नाही. म्हणूनच हे एकेकट्याच्या हौसेवर सोडून चालणार नाही. जयंतीला एका रात्रीच्या डीजेला जे भाडं आपण मोजतो त्यात बरी पेटी आणि तबल्याची जोडी येते. ती विहारात राहते, दरवर्षी परत भाडं द्यावं लागत नाही. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपण रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो. लोक जमलेलेच असतात. वाचनानंतर अर्धा तास सूर लावायला बसायचं, वयाची अट नाही, गळा चांगला असण्याची तर मुळीच नाही. शिकवायला प्रवेशिका-मध्यमा झालेली मुलगी पंचक्रोशीत सापडते. तिला मानधन द्यायचं, फुकट राबवायचं नाही. आणि हलगी-सनईचे जे म्हातारे उस्ताद मातंग, होलार वस्तीत आहेत त्यांना बोलवायचं, खुर्चीवर बसवायचं, गुरुजी म्हणायचं आणि त्यांच्यासमोर आपण खाली बसून ताल शिकायचा. बहुजन एकजुटीची भाषणं आपण पुष्कळ केली. हलगीचे हात शिकताना ती एकजूट कशी होते तेही बघू.

निरवांगीच्या मंडळात मी हे मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, “कोण येणार बाई, पाच-सहा डोकी?” येऊ देत पाच-सहा. आत्ता यादीत चार नावं आहेत. एक अंगणवाडी सेविका, कारखान्यावर कामाला असलेला एक भाऊ, बारावीचा एक मुलगा, आणि एक आजी. आजींनी नाव लिहायच्या आधी मला बाजूला घेऊन विचारलं, परीक्षा असते का याची? असते म्हटल्यावर म्हणाल्या, मग लिही.